हे लेकरू कुणाचं?

उसाचा रस उकळायला लागला की मळी वर येते. झाऱ्यानं काढा, पुन्हा येते. पुन्हा काढा, पुन्हा येते. बघणाऱ्याला वाटतं, रस संपेल पण मळी काही संपायची नाही. गुऱ्हाळावरच्या गोष्टींचं असंच आहे. एक काढून बाजूला ठेवली की तिच्याखालची वर येते.

मी जन्मभर गुळव्या होतो. घोड नदीच्या काठाला, इनामगावच्या अलीकडं, तात्याचं गुऱ्हाळ आहे, तिथं. तात्याच्या बापाच्या वेळेपासून. हात थरथरायला लागले तसे यूपीचे कारागीर आले आणि मी लिंबाखालच्या बाजेवर बसलो. आता काम एकच, गूळ आला का ते नजरेनं सांगायचं. शाळेत मी गेलो नाही. हे मी बोलतो आणि नात लिहिते. माझं बोलणं ती जरा धुऊन पुसून घेते, मी घेऊ देतो.

आता आमच्याकडं रोज सकाळी एक गंमत बघायला मिळते. तात्या, एवढा मालक माणूस, कडक इस्त्रीच्या शर्टात टेम्पोच्या स्टेअरिंगवर बसतो, मागं कामगारांची सगळी पोरं भरतो आणि स्वतः शाळेत सोडून येतो. एक दिवस चुकवत नाही! नवीन माणूस हळूच विचारतो, "आबा, सरकारनं दंड केला का ओ ह्यांना?"

मी म्हणतो, "दंड बी झाला. पर त्यामुळं न्हाई."

मग कशामुळं? ते सांगायचं तर पहिल्यापासून सांगायला लागतं.

*

शाळेच्या कदम बाई पहिल्यांदा आल्या तेव्हाची गोष्ट. शाळेबाहेरची मुलं शोधायची ड्युटी लागली होती त्यांना. कालव्याच्या चारीच्या पुलावर त्यांची स्कूटी दिसली आणि तात्यानं शिट्टी मारली. हा ठरलेला इशारा. शिट्टी झाली की पोरं उसात! दगड पडल्यावर चिमण्या उडाव्यात तशी गेली. बाई येईपर्यंत अंगणात नुसती मोठी माणसं.

"तात्या, मुलं किती आहेत तुमच्याकडं?"

"मुलं? एक बी न्हाई बाई. ही लोकं पोरं गावाकडंच ठिवून येत्यात."

 बाई खाली बघत होत्या. चिपाडाच्या ढिगापाशी चपला पडल्या होत्या. एवढ्याएवढ्याशा. गुलाबी, निळ्या, एकीवर पिवळं फुलपाखरू.

"मग ह्या कुणाच्या?"

"पाव्हण्यांच्या."

"पाहुण्यांचे पाय फारच लहान दिसतात तुमच्या!"

बायकांनी तोंडात पदर कोंबले. बाई चिडल्या नाहीत. सरळ उसाच्या बांधावर जाऊन उभ्या राहिल्या. भर दुपार. वारा पडलेला. ऊस असा उभा होता, जसा एखादा माणूस श्वास धरून उभा राहतो. बाई त्या उसालाच म्हणाल्या, "मुलांनो, शाळेत या. पुस्तकं फुकट, कपडे फुकट. दुपारची गरम खिचडी मिळते."

ऊस गप्प.

मग आतून, बरंच आतून, बारीक आवाज आला, "अंडा भी?"

काय हसलो आम्ही! तात्यासुद्धा हसला. बाईंनी तर डोळे पुसले.

त्या गेल्यावर पोरं बाहेर आली. तात्यानं दरडावलं, "अंडा कोण म्हणालं रे?" पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिली. कोणी कबूल होईना. भ्यालीत बिचारी, म्हणून आम्ही सोडून दिलं.

पण पोरं लपली होती अलीकडच्या कडेला. आवाज आला होता पार पलीकडून, नदीच्या अंगानं.

*

बाई काही हटणाऱ्या नव्हत्या. पुन्हा आल्या. ह्या खेपेला तात्या शिट्टी मारायला विसरला, कारण जेवून लवंडला होता! मग चहा मागवावा लागला. चहाबरोबर वाद.

"तात्या, सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळा मिळालीच पाहिजे. तो त्याचा हक्क आहे. देशाच्या घटनेत लिहिलंय."

"लिवलं असंल. पर मला सांगा बाई, लेकरू कुणाचं? आईबापाचं, का सरकारचं?"

"आईबापाचंच."

"मग मिटलं की! आईबाप म्हणत्यात आमच्यासंगं राहू द्या. सरकारनं मधी कशाला यावं?"

"घटनेत आईबापाचंही लिहिलंय. मुलाला शिकायची संधी द्यायची, हे त्यांचं कर्तव्य."

"आन् सरकारचं काय कर्तव्य? का नुसतं लिवायचं?"

"शाळा द्यायची. आणि लहान मुलाला असल्या भट्टीच्या, यंत्राच्या कामाला लागू द्यायचं नाही."

तात्यानं बशी खाली ठेवली. त्याला वाटलं आता बाई सापडल्या. "बाई, लेकराला ताप आला तर उशाला कोण बसतं ओ? सरकार बसतं का?"

 काहिलीपाशी फूलमती उभी होती. कारागिराची बायको, मळी काढायचं काम तिच्याकडं. कामात असली तरी तिचे कान इकडंच होते. बाईंनी तिलाच विचारलं, "फूलमती, तुम्हीं बताओ. बच्चे के पास कौन बैठता है?"

फूलमतीचा झारा थांबला नाही. म्हणाली, "मॅडम, हमारे यहाँ बैठने का टाइम किसको है? हम तो सुनते हैं."

"सुनते हैं म्हणजे?"

तिनं हनुवटीनं दाखवलं. तिची मुनिया, सहा वर्षांची असेल, चिपाडावर उड्या मारत होती. कमरेला काळा करगोटा, करगोट्याला घुंगरू.

*

तर हे घुंगराचं समजून घ्या. काहील म्हणजे लोखंडाची मोठी कढई, भट्टीवर जमिनीत बसवलेली. कडेनं चार माणसं हात पसरून उभी राहतील एवढी रुंद. तिच्यात रस रटरटत असतो. भोवती पोरं खेळणार, आणि आयांचे दोन्ही हात कामात. म्हणून प्रत्येक पोराच्या कमरेला एक घुंगरू. इंजिनाचा धडधडाट असो, चरकाचा करकराट असो, आईला आपल्या लेकराचं घुंगरू त्यातून बरोबर वेगळं ऐकू येतं. मुनियाचं घुंगरू जरा चिरलेलं होतं. खणखण नव्हतं वाजत, खुळखुळ वाजायचं. ते मलाही ओळखू यायचं.

एकदा आधण, म्हणजे काहिलीत चढवलेला रस, ऐन रंगात आलेलं आणि फूलमती किंचाळली, "इंजन बंद करो! मेरा घुँघरू नहीं बज रहा!"

तात्या ओरडला, "ए बाई, येडी का खुळी तू? चरकात ऊस हाय!"

ती पळत गेली आणि तिनंच इंजिन बंद केलं. सगळं गप्प झालं. मग आम्हाला दिसलं.

मुनिया काहिलीच्या कट्ट्यावर उभी होती. अगदी कडेला. चित्रात काढल्यासारखी उभी, म्हणून तर घुंगरू वाजत नव्हतं. मान खाली घालून रसात बघत होती. वाफ तोंडावर येत होती तरी पापणी हलत नव्हती.

फूलमतीनं हाक मारली नाही. मागून हळूहळू गेली आणि एकदम कवळा घातला. मग आधी एक चापट, नंतर मुके. "क्या देख रही थी रे?"

"अम्मा, नीचे बच्चे बैठे हैं."

"कहाँ?"

"नीचे. चुपचाप बैठे हैं."

तात्या म्हणाला, "बुडबुडं दिसलं आसतील!" मीही म्हणालो, बुडबुडेच असणार. दुसरं काय असणार?

त्या आधणाचा गूळ आम्ही कोणी तोंडात घातला नाही. केडगावच्या बाजारात मात्र लोकांनी त्याची फार तारीफ केली, ही गोष्ट वेगळी!

*

आता तात्याच्या स्वतःच्या पोराचं ऐका. त्याचं नाव प्रतीक. कामगारांची पोरं उसात लपवणाऱ्या ह्या माणसानं आपला पोरगा मात्र लांबच्या एका निवासी शाळेत घातला होता. अकॅडमी म्हणतात. सकाळी शिट्टीवर उठायचं, शिट्टीवर जेवायचं, शिट्टीवर झोपायचं. तात्या कौतुकानं सांगायचा, "पोरगं लाईनीत आलंय आबा!"

दिवाळीच्या सुट्टीला पोरगं आलं. गाडीतून उतरलं, बॅग घेऊन दारात आलं आणि उंबऱ्याबाहेर ताठ उभं राहिलं.

"मे आय कम इन?"

तात्या हसला. "आरं ये की! तुझंच घर हाय."

पोरगं हलेना. नजर समोर भिंतीवर. "मे आय कम इन?"

"ये म्हनलं ना!"

"मे आय कम इन?"

तिसऱ्यांदा तोच सूर, तेवढाच आवाज. तात्याचं हसू मावळलं. त्यानं दंडाला धरून आत ओढलं, तर पोरगं आत आलं आणि पुन्हा बाहेर जाऊन उभं राहिलं! ऊन चांगलंच होतं. कपाळावरून घाम निथळतोय, पण पुसत नाही. जणू आमच्यातलं कोणी त्याला दिसतच नव्हतं.

शेवटी तात्याची बायको भाकरी टाकायची थांबली, पिठाच्या हातानं दारात आली आणि मोठ्यानं म्हणाली, "येस! कम इन!"

पोरगं आत आलं, आईच्या पाया पडलं, "भूक लागलीय" म्हणालं. जसं काही झालंच नाही.

तेव्हापासून माउली रोज येस-कम-इन म्हणायची. परसाकडून आला तरी! तात्या मात्र तो समोर असला की शिट्टी मारायचा नाही. एकदा मारली होती चुकून. पोरं उसात पळाली, आणि प्रतीक ताट टाकून अंगणात येऊन ताठ उभा राहिला.

*

थंडीतली एक सकाळ. शाळा आमच्यापासून एक चारी ओलांडली की आहे. सकाळी तिथं मुलं घटनेचं पहिलं पान म्हणतात, "आम्ही, भारताचे लोक..." स्पीकरवरून ते शेतभर ऐकू येतं. आमची पोरं शाळेत जात नव्हती, पण दात घासता घासता त्यांना ते पाठ झालेलं. तोंडात फेस, आणि आम्ही भारताचे लोक!

त्या दिवशी मध्येच लाईट गेली. स्पीकर बंद पडला. पण म्हणणं बंद पडलं नाही. उसातून पुढचे शब्द येत राहिले. बारीक बारीक आवाज, पुष्कळ, एका सुरात. न अडखळता. न्याय, स्वातंत्र्य, समानता, सगळं शेवटपर्यंत.

तात्या भट्टीच्या तोंडाशी शेकत बसला होता. मागं न बघता ओरडला, "बास करा की रे पोरांनो! चला, चिपाड उचला!"

कोणी उत्तर दिलं नाही म्हणून आम्ही दोघांनी मान वळवली. आमची सगळी पोरं हौदापाशी उभी होती. ब्रश तोंडात तसेच. उसाकडं बघत होती.

मुनियानं फेस थुंकला आणि म्हणाली, "वो लोग तो रोज बोलते हैं."

हे मी कदम बाईंना सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "आबा, माझ्या पटावर तर नाहीत बुवा ती मुलं!"

हसल्या खऱ्या. पण घरी जाताना चारीची वाट सोडून लांबच्या डांबरी रस्त्यानं गेल्या.

*

बाईंना मी त्याच बोलण्यात आणखी एक गोष्ट सांगितली होती. आमच्या उसाच्या पलीकडं नदीच्या अंगाला टेकाड आहे. माझ्या तरुणपणी तिथं खोदकाम चाललं होतं. फार जुनं गाव निघालं जमिनीतून. मी आणि आमची मंडळी, म्हणजे माझी बायको, दोघं मजुरीला होतो.

एका घराची जमीन उकरताना दोन मडकी लागली. आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली. खोदकामावरच्या साहेबांनी ब्रशनं माती झाडली, मडकं हळूच सरकवलं. आत लहान लेकराची हाडं. पाखराच्या हाडांएवढी.

बायांनी पाट्या खाली ठेवल्या. साहेब समजुतीनं म्हणाले, "त्या काळी लहान मूल गेलं की घरातच पुरायचे, जिथं झोपायचे तिथंच खाली. बाहेर पाठवायचे नाहीत."

आमची मंडळी पुढं झाली. "मग आता ह्याला कुठं न्यायचं?"

"पुण्याला. हा सरकारी ठेवा आहे."

"आन् आईबाप इचारायला आले तर?"

साहेब हसले. "बाई, हजारो वर्षं झाली. कोण येणार?"

"आले तर म्हनते मी. आमी हितंच ऱ्हातो. आमाला इचारतील. कुठं नेलं ते सांगून जावा."

साहेब मोठे भले. हसायचे थांबले आणि त्यांनी तिला पत्ता सांगितला. पेठ, रस्ता, समोरची खूण, सगळं. तिला लिहिता येत नव्हतं. तिनं तिथंच उभं राहून पाठ केला. पुढं जन्मभर टेकाडावरून जाताना ती थांबायची, उसाकडं तोंड करायची आणि तो पत्ता मोठ्यानं म्हणायची.

कदम बाईंनी विचारलं, "आबा, कधी कुणी विचारलं का हो त्यांना?"

मी म्हणालो, "ते तिनं मला सांगितलं न्हाई."

*

आणि आता तो दिवस.

दुसऱ्या कुठल्याशा गुऱ्हाळावर एक लेकरू भाजलं होतं. त्यामुळं तालुक्याहून जीप निघाल्याची बातमी आली. तात्याचं धाबं दणाणलं. त्यानं सगळ्यांना गोळा केलं. "ज्याचं पोरगं सापडंल त्यानं आजच्या आज बिस्तरा उचलायचा. मी वळखत न्हाई म्हनून सांगनार!"

पोरं उसात पिटाळली, पण घुंगरं वाजत होती. पान हललं की खुळखुळ! पोरं परत बोलावली. करगोटे सोडायला वेळ नव्हता. तेव्हा तात्याच म्हणाला, "घुंगरात गूळ भरा."

गूळ साच्यात ओतायला तयारच होता. बायकांनी चिमटीनं उचलून घुंगरांच्या फटीत दाबला. असा गूळ बघता बघता आवळतो. हलवून बघितलं. एकही घुंगरू वाजेना. फूलमतीनंही मुनियाचं भरलं. दोनदा कानाशी लावून बघितलं. मग सगळी पोरं पुन्हा उसात.

जीप आली. दोन साहेब, आणि ओळख पटवायला कदम बाई. तात्यानं खुर्च्या टाकल्या. साहेबांनी काहील बघितली, चरक बघितला. "मुलं?"

"न्हाईत साहेब. बाईंना इचारा."

बाई म्हणाल्या, "मला विचारू नका तात्या. मी खोटं बोलणार नाही."

बाईंचा आवाज ऐकला असेल, मुनियाला त्या आवडायच्या. ती उसातून बाहेर आली. आवाज न होता. काहिलीसमोर येऊन उभी राहिली तेव्हा कुठं आम्हाला कळलं.

साहेबांनी विचारलं, "ही मुलगी कुणाची?"

तात्या खोकला. फूलमतीचा नवरा भट्टीत चिपाड सारत राहिला. त्यानं मान वर केलीच नाही.

साहेब फूलमतीकडं वळले. "तुम्हारी है?"

फूलमती झारा फिरवत होती. "हमारी नहीं है, साहब."

"फिर किसकी है?"

"पता नहीं."

"फूलमती!" कदम बाई ओरडल्या. "सोच के बोलो!"

फूलमतीनं तात्याकडं पाहिलं आणि पुन्हा रसाकडं.

साहेब वाईट नव्हते. शांतपणे म्हणाले, "ज्या मुलाला आईबाप नाही, त्याला मुलांसाठीच्या समितीपुढं न्यावं लागतं. कायदाच आहे. मग मुलीची जबाबदारी सरकारची. पाहिजे तर सोबत घेऊन जातो आत्ता."

झारा थांबला.  मी बाजेवरून उठलो. म्हटलं, आता मीच सांगतो. तेवढ्यात साहेब मुनियासमोर उकिडवे बसले. "बेटा, तुम बताओ. तुम्हारी माँ कौन है?"

मुनियानं फूलमतीकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. फूलमतीनं मान खाली घातली.

मग मुनियानं हात उचलला आणि उसाकडं बोट केलं.

"वो."

सगळ्यांनी तिकडं पाहिलं. ऊस. दुसरं काही नाही. आम्ही बघतोय तोवर मुनिया चालायला लागली. पळाली नाही. कोणी जेवायला हाक मारल्यावर लेकरू घरी जातं तशी गेली. पाती बाजूला झाली, तिच्यामागं मिटली. पुन्हा एक पान हललं नाही.

घुंगरू वाजलं नाही. वाजणार कसं?

फूलमतीनं झारा फेकला. "मेरी है! साहब, मेरी है! मुनिया! मैं हूँ तेरी अम्मा!" आणि ती उसात शिरली. मागून तिचा नवरा. मागून साहेब, बुटांसकट चिखलात. तात्यानं स्वतः इंजिन बंद केलं, भट्टीतला जाळ बाहेर ओढला. काहिलीतला रस तसाच सोडला. माझ्या जन्मात त्या गुऱ्हाळावर आधण असं अर्ध्यात सोडलेलं मी पाहिलं नव्हतं.

लपलेली पोरं सगळी बाहेर आली. "मुनिया तुमच्यात आली का रे?" नाही आली. आम्ही सगळे उसात शिरून हाका मारत होतो, मराठीत, हिंदीत. ऊस डोक्याच्या वर. दोन हातांवरचं दिसेना. शेवटी तात्याच ओरडला, "गप! समदे गप ऱ्हावा! ऐका!"

सगळे गप्प झाले. पाण्याच्या पाटाचासुद्धा आवाज येईना.

आणि घुंगरू वाजलं.

लांब, नदीच्या अंगाला. चिरलेलं. खुळखुळ, खुळखुळ.

फूलमतीनं माझा हात धरला. "बाबा, ये मेरा है."

आम्ही आवाजाच्या मागं निघालो. आम्ही थांबलो की तो थांबायचा. चाललो की पुढं चालायचा. पात्यांनी तोंडं कापली, कोणाला शुद्ध नव्हती. ऊस संपला, टेकाडाचा पायथा आला, आणि तिथं उन्हात मातीवर मुनिया बसलेली दिसली. धापा टाकत होती. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

फूलमती तिच्यावर पडलीच. "मेरी है. लिख लो साहब. मेरी है, मेरी." साहेबांनी काही विचारलंच नव्हतं. ते गुडघ्यावर हात ठेवून उभे होते.

मुनिया मात्र आईवर फुरंगटली होती. तिला ढकलून म्हणाली, "अम्मा, तुम इतना तेज क्यों चल रही थी? मैं तुम्हारे घुँघरू के पीछे भाग-भाग के थक गई."

सगळ्यांनी फूलमतीच्या पायांकडं पाहिलं. नुसते भेगाळलेले पाय. ना पैंजण, ना जोडवी.

तात्या खाली बसला. मुनियाच्या करगोट्याचं घुंगरू त्यानं चिमटीत धरलं आणि हलवलं. मग मला म्हणाला, "आबा, तुमी बघा."

मी बघितलं. नखानं टोकरून बघितलं. गूळ दगडासारखा बसला होता. गच्च. कणभर हलला नव्हता.

 मागं ऊस उभा होता. तात्यानं मुनियाला उचलून खांद्यावर घेतलं, आमच्या तोंडांकडं पाहिलं, उसाकडं पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"बाई, आत्ता शाळा उघडी असंल का ओ?"